टेकवलेलं बोट

ओहोळ मॅडमबद्दल सांगायचं तर चेहऱ्यापासून सुरुवात करून उपयोग नाही. चेहरा चारचौघींसारखा, चष्मा जरा जाड, आणि कपाळावर कायम एक आठी, जी रागाची नसून उन्हाची होती. खरी ओळख हातांची. डाव्या हाताची नखं पार मुळापासून कापलेली. उजव्या हाताची मात्र राखलेली, घासून गोल केलेली, आणि त्यातही अनामिकेचं सगळ्यांत लांब. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात त्या डॉक्टर म्हणून रुजू झाल्या, तेव्हा मी तिथे पशुधन पर्यवेक्षक होतो. ते नख बघून मी मनात म्हटलं, ही बाई काही इथं टिकत नाही.

तसं वाटणारा मी एकटा नव्हतो. वरकुट्याचे हणमंततात्या पहिल्याच दिवशी गाय घेऊन आले होते, गाभण आहे का बघायला. मॅडम खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा हातमोजा चढवत होत्या, तेवढ्यात तात्यांची नजर त्या नखावर गेली.

"आवं मॅडम, ह्या नखानं गाय ओरखाडंल की माझी!"

"तात्या, मोजा कुठल्या हाताला चढवलाय?"

"डाव्या."

"मग? हा डावा हात गायीचा. उजवा माझा. तुमच्या गायीचा माझ्या उजव्या हाताशी काय संबंध न्हाय."

गाय गाभण निघाली, आणि मॅडमचं बस्तान बसलं.

त्या हाताचं कोडं त्याच दुपारी सुटलं. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी गाडीच्या मागच्या सीटवरून काळी पिशवी काढली आणि तिच्यातून गिटार निघालं. रोज बारामतीहून यायच्या त्या जुन्या गाडीत औषधांची पेटी पुढे आणि गिटार मागे असा कायमचा बंदोबस्त होता. पेटीला धक्का लागला तर चालायचा. मला त्या म्हणाल्या, "जाधव, निसर्गानं माझी सोय बघितलीय बघा. गिटारला डाव्या हाताची नखं नको असतात, गायीलाही नको असतात. उजव्याची लागतात, आणि उजवा गायीत घालायचाच नाही. मी दुसरं काही व्हायला नकोच होतं." हे सांगताना त्यांना स्वतःचं इतकं कौतुक वाटत होतं, की मलाही वाटायला लागलं.

स्वतःच्या कौतुकाच्या बाबतीत त्यांचा हात कधी आखडता नव्हता. "मी प्रयत्न करते" हे वाक्य त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही. एक तर "होतंय" नाही तर "होणार". थर्मामीटरच्या शेजारी पॉलिश पेपरचा तुकडा असायचा आणि कुणी बोलायला लागलं की यांचं नख घासणं सुरू. इंदापूरला एका बैठकीत वरिष्ठ साहेब वैतागून म्हणाले, "मॅडम, मीटिंग चालू आहे." मॅडमनी फुंकर मारून नखावरची धूळ उडवली आणि म्हणाल्या, "चालू द्या ना सर. मी कुठं थांबवलीय?" पुढे लसीकरणाचा विषय निघाला, तेव्हा आमच्या भागातल्या गावागावाची माहिती त्यांनी कागद न बघता सांगितली आणि परत नख घासायला घेतलं. दारं, बाटल्यांची झाकणं, गाडीची डिकी, सगळं डाव्या हातानं. कुणी हात मिळवायला पुढे केला तर त्या लांबूनच जोडायच्या. लोकांना वाटायचं बाई संस्कारी आहेत.

त्या वाजवायच्या काय, हे मला समजायला वेळ लागला. गिटार म्हटलं की आमच्याकडे लग्नातला ऑर्केस्ट्रा, आणि त्यातला एक केस वाढवलेला इसम. मॅडमचं तसलं काही नव्हतं. त्यांना वेड होतं हार्मोनिक्सचं. म्हणजे असं, की डाव्या हाताच्या बोटानं तार एका पडद्यावर, म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्टीवर, दाबायची. तिथून बारा पडदे पुढे, म्हणजे उरलेल्या तारेच्या बरोबर मध्यावर, उजव्या हाताची तर्जनी नुसती टेकवायची. आणि त्याच हाताच्या अनामिकेच्या नखानं तार छेडून तर्जनी लगेच उचलायची. मग जो सूर निघतो तो तारेचा वाटतच नाही. काचेच्या पेल्याला हलकेच काही लागावं तसा बारीक, स्वच्छ, आणि आपण कान टवकारेपर्यंत हवेत राहणारा. डावं बोट सरकलं की उजवंही तेवढंच सरकणार. तर्जनी जरा जास्त दाबली तर थप्प, जरा इकडेतिकडे पडली तरी थप्प. मॅडम अशा सुरांमध्ये अख्खं गाणं वाजवायच्या.

"पुणे जिल्ह्यात हे माझ्याइतकं स्वच्छ वाजवणारं कुणी असेल," त्या म्हणायच्या, "तर त्याला चहाला बोलवा. मला बघायचंय त्याला."

कुणी आलं नाही.

या टेकवण्याचा मला फायदा झाला, तोही सांगितला पाहिजे. गाय गाभण आहे का ते मलाही तपासावं लागायचं, आणि माझं निदान बरोबर यायचं ते गायीच्या मालकाला स्वतःला कळल्यावर. एका दुपारी मॅडम म्हणाल्या, "जाधव, हात धुऊन इकडे या." आणि त्यांनी गिटार माझ्या मांडीवर ठेवलं. मला एकच सूर काढायचा होता. थप्प. परत थप्प. "दाबताय तुम्ही. तिला विचारायचंय, तिच्याकडून कबूल करून घ्यायचं नाहीये." डबा तसाच राहिला, सुट्टी संपत आली, आणि अचानक तो बारीक सूर माझ्या हातून निघाला. मी दचकलो. मॅडम लगेच उठल्या. "आत्ता बोटाला जे वाटलं ते विसरायच्या आत चला. बाहेर एक गाय उभी आहे." त्या दिवसापासून माझा हात सुधारला. इतका, की पुढे मी लोकांना ही माझीच युक्ती म्हणून सांगायला लागलो. मॅडमनी ते ऐकलं आणि हसून सोडून दिलं.

इंदापूरला जनावरांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा आयोजकांपैकी कुणाच्या तरी डोक्यात आलं की आपल्या डॉक्टर मॅडमचं गिटार ठेवू या. स्टेजवर खुर्ची, समोर माइक, बाजूला भलेमोठे स्पीकर. मॅडमनी सुरुवात केली. बोटं हलताना दिसत होती, पण ऐकू मात्र काहीच येईना. पब्लिक आधी गप्प, मग चुळबुळ, मग मागून एक शिट्टी. मॅडम थांबल्या आणि साउंडवाल्याकडे बघितलं.

तो मोठ्या समाधानानं म्हणाला, "मॅडम, माइक बारीक शिट्टी मारत व्हता. काढली म्या पार."

"अरे बाबा," मॅडम माइकवरच म्हणाल्या, "ती मीच होते."

सगळं मैदान हसलं. त्यात मॅडमचा आवाज मोठा होता. मग त्यांनी खुर्ची उचलायला लावली, स्टेजवरून खाली आणली, खिलार बैलांच्या रांगेसमोर ठेवली आणि सांगितलं, स्पीकर बंद, जनरेटर बंद, ज्याला ऐकायचंय त्यानं जवळ या. अडलेल्या म्हशीभोवती लोक जमतात तसं त्यांच्याभोवती कोंडाळं झालं. पुढचे उकिडवे बसले, मागचे वाकून उभे राहिले. मॅडमनी गाणं पहिल्यापासून वाजवलं. संपल्यावर हणमंततात्यांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "लई बारीक हाय मॅडम. पर कान सोडत न्हाय." मॅडमना त्या वर्षी ट्रॉफी, शाल, नारळ सगळं मिळालं, पण पुढे कितीतरी दिवस त्या सांगत राहिल्या ते तात्यांचं हे वाक्य.

आणि त्याच तात्यांच्या गोठ्यात ते घडलं.

बैलाला इंजेक्शन द्यायचं होतं. तात्यांनी वेसण धरली, मी सिरिंज भरली, मॅडमनी दाव्याचं टोक हातात घेतलं. दाव्याचा वेढा त्यांच्या उजव्या तर्जनीभोवती कधी बसला, आमच्यापैकी कुणालाच दिसलं नाही. बैलानं मान झटकली. मॅडमनी दावं सोडवलं, बोटाकडे बघितलं, आणि पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्यानं मला म्हणाल्या, "जाधव, इंजेक्शन राहिलंय. ते आधी द्या, मग मला बारामतीला न्या."

तात्या रडायलाच लागले. "माझ्या बैलापायी झालं वं मॅडम!"

"बैलाला काय बोलू नका तात्या. दावं मी धरलं हुतं."

हंगाम उसाचा. काटेवाडीच्या अलीकडे आम्ही उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलो. दोन ट्रॉल्या, आणि त्याच्या डेकवर गाणं इतकं मोठं, की आमच्या गाडीच्या काचा थरथरत होत्या. मॅडम हात टॉवेलात गुंडाळून, डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं शुद्ध हरपतेय. तेवढ्यात म्हणाल्या, "पुढं जायला मिळालं ना, तर त्याला बेस कमी करायला सांगा."

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो बघून स्पष्ट सांगितलं. तर्जनीचा मधला सांधा चुरडला गेलाय, तो परत वाकणार नाही. सूज उतरली की ऑपरेशन करून तो एका जागी कायमचा पक्का करावा लागेल. दोरीनं नसही चिरडलीय. बोटाच्या टोकाची जाणीव परत येईल किंवा येणार नाही, हे आज कुणीच सांगू शकत नाही. "सांधा आम्ही थोडा वाकवूनच पक्का करतो," ते म्हणाले. "म्हणजे मूठ वळते, पेन धरता येतं, घास घेता येतो. सगळ्यांचं तसंच करतो."

"माझं सरळ ठेवा," मॅडम म्हणाल्या.

डॉक्टरांना वाटलं बाई धक्क्यात आहेत. मॅडमच्या यजमानांनाही तसंच वाटलं. प्रकाशसर बारामतीत कॉलेजात शिकवायचे. शांत माणूस, आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी घरी, माझ्यासमोर चढला.

"सुजाता, टोकाला जाणीवच आली नाही तर? मग ते सरळ बोट काय मिरवायला ठेवणार आहेस? वाकवून घेतलंस तर निदान कामाचं तरी राहील. तुला फिल्डवरून काढून टेबलाला बसवतील, चालेल?"

"जाणीव नाही आली तर माझं मी बघेन," मॅडम म्हणाल्या. "पण वाकडं बोट तारेवर टेकतच नाही. मग बघायलाही काही उरणार नाही, प्रकाश."

सर उठून आत गेले आणि बराच वेळ नळ चालू असल्याचा आवाज येत राहिला.

टेबलाला बसवतील हे मात्र मॅडमना लागलं होतं. सूज थोडी ओसरल्यावर, रजेवर असूनही, त्या दवाखान्यात हजर झाल्या. मोडकं बोट आइस्क्रीमच्या काडीला बांधून ताठ केलेलं, टोक तेवढं मोकळं. म्हणाल्या, "हत्यारं मांडा टेबलावर. सगळी." मग एकेक उचलून बघायला लागल्या. सिरिंज मधल्या बोटात आणि अनामिकेत धरली, अंगठ्यानं दाबली, जमलं. कृत्रिम रेतनाची नळी जमली. टाके घालायचा चिमटा हातात घेतला, अंगठा एका कडीत, अनामिका दुसऱ्या कडीत, आणि तर्जनी चिमट्याच्या पाठीवर सरळ. मॅडम हाताकडे बघतच राहिल्या.

"जाधव, इथं तर बोट सरळच लागतं! आयुष्यभर असंच धरत आलेय आणि लक्षात नाही आलं."

पेंडीचं फाटकं पोतं आणवलं आणि त्याला त्यांनी ओळीनं टाके घातले. प्रत्येक टाक्याला कळ येत होती, ते दिसत होतं. शेवटचा टाका घालून त्या घाम पुसत खुर्चीत टेकल्या. जमलं नाही ते फक्त पेन. तीनदा पडलं. मॅडमनी ते उचलून माझ्या खिशाला लावलं. "अहवाल आता तुम्ही लिहायचे. मी सांगेन, तुम्ही लिहा." या सगळ्या खटाटोपामागे मूळ हेतू तोच होता की काय, असा संशय मला अजून अधूनमधून येतो.

दुसऱ्या दिवशी त्या गिटार घेऊनच हाडांच्या डॉक्टरांकडे गेल्या. बाहेर बाकांवर माणसं बसलेली, कुणाचा पाय प्लास्टरमध्ये, कुणाचा हात गळ्यात. मॅडमनी डॉक्टरांसमोर गिटार मांडीवर घेतलं, काडी बांधलेलं बोट तारेवर आणलं. थप्प. थप्प. टोक बधिर होतं, त्यांना नुसतं डोळ्यानं बघून जागा धरावी लागत होती. बऱ्याच वेळानं एक सूर निघाला. एकच. बाहेरची कुजबुज थांबली.

"असं टेकवायला लागतं," मॅडम म्हणाल्या. "एवढंच सरळ."

डॉक्टरांनी बोटाला पट्टी लावून कोन मोजला आणि कागदावर लिहून घेतला. "जाणिवेची खात्री मी देत नाही," ते परत म्हणाले.

"तुमच्याकडे मी ती मागितलीच नाही."

ऑपरेशन झालं. बोट सरळच पक्कं झालं. मॅडम कामावर परतल्या आणि लोकांची नवीनच पंचाईत झाली. बाई काही सांगायला लागल्या की ते बोट समोरच्यावर रोखलेलं. हणमंततात्या तर एकदा कळवळून म्हणाले, "मॅडम, म्या काय केलंय? सारखं माझ्याकडंच बोट हाय तुमचं."

"तात्या, ते आता सगळ्यांकडंच असतंय. तुमी फकस्त समोर बसलाय."

इंजेक्शनं, टाके, रेतन, सगळं पूर्वीसारखं. टेबलाला कुणी बसवलं नाही. पण दुपारचं गिटार बदललं होतं. थप्प, थप्प, आणि मग परत थप्प. बोट नेमकं जिथं टेकायचं तिथं जात होतं, पण टेकलं की दाबलं हे त्याला कळत नव्हतं. एकदा त्यांनी चहाचा गरम ग्लास धरला आणि बोलत राहिल्या. टोकाला फोड आला तो मी दाखवला तेव्हा त्यांना दिसला. मला फार वाईट वाटलं, आणि ते तोंडावर दिसलं असणार. "तोंड पाडू नका," मॅडम म्हणाल्या. "जनावर दगावलेलं नाहीये." त्यानंतर काही दिवसांनी गाडीची मागची सीट रिकामी दिसायला लागली. मी विचारलं नाही. विचारायची माझी हिंमत नव्हती, हे जास्त खरं.

मग माझी बदली झाली, दुसऱ्या जिल्ह्यात. निघायच्या आधीच्या रविवारी सकाळी मी पेढे घेऊन बारामतीला मॅडमच्या घरी गेलो. प्रकाशसरांनी दार उघडलं. मी बोलायच्या आत त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि गच्चीच्या जिन्याकडे खूण केली. आम्ही दोघं अर्ध्या जिन्यापर्यंत चढलो आणि तिथंच थांबलो.

वर एक अंगाई चालली होती, सगळी त्याच बारीक सुरांत. मध्येच थप्प व्हायचं. थप्प झालं की मॅडम मागे जात नव्हत्या, माफी मागितल्यासारखं थांबतही नव्हत्या. चुकलेला सूर तिथंच परत घ्यायच्या आणि पुढे निघायच्या. सर माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "जाणीव आलेली नाही. डॉक्टर म्हणतात आता येणार नाही. रोज पहाटे उठून बसते. डोळे मिटून वाजवते, ऐकून ऐकून बोट हलवते."

अंगाई शेवटाला आली. शेवटचा सूर फार वरचा. तिथं उजव्या बोटाला जिथं टेकायचं असतं तिथं पडदे संपलेले असतात. खाली नुसती मोकळी तार, ना खूण ना आधार. चांगलं बोट असताना मॅडम ती जागा बोटानं ओळखायच्या.

थप्प.

सरांनी कठडा धरला. परत थप्प. मग बराच वेळ काहीच नाही. खाली रस्त्यावरून एक दूधवाला गेला. मला वाटलं, झालं, ठेवलं त्यांनी.

आणि तो सूर आला. स्वच्छ, सबंध, गच्चीवरून जिन्यात उतरून आमच्यापर्यंत. तो विरेपर्यंत आम्ही दोघंही हललो नाही. मग सर पायरीवरच खाली बसले आणि चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले. त्यांना बसू देऊन मी वर गेलो.

मॅडम खुर्चीत होत्या. डोळे ओले होते आणि ते लपवायचा त्यांनी काहीही उद्योग केला नाही. मला बघून त्यांनी ते सरळ बोट वर धरलं, जसं वर्गात कुणी उत्तर सांगायला धरतं.

"ह्याला काही कळलेलं नाही अजून," त्या म्हणाल्या. "पण मला कळलं."